उकळणारा दगड आणि नसलेले सरोवर

आमच्या शिंदखेड्याकडे विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या लागतो. त्याच्या पोकळ्यांत मोतिया चमकीचे पांढरे स्फटिक असतात. खोदणारे त्यांना सरसकट गारगोटी म्हणून ढिगाऱ्यावर टाकतात. त्यांतले बरेचसे झिओलाइट असतात. या खनिजाचे मोठे साठे प्राचीन सरोवरांत बनले, असे वाचून ‘इथे कधीकाळी सरोवर होते’ असे मी वर्षानुवर्षे सांगत फिरलो. ते चूक होते.

१७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसून फुगला. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव ठेवले ‘उकळणारा दगड’. स्टिल्बाइटची पूड परीक्षानळीत तापवली की नळीच्या वरच्या, थंड भागावर थेंब जमतात. या खनिजाच्या वजनात १७-१८ टक्के पाणीच असते. सिलिकॉन, अॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीत खोल्या असतात, त्यांत ते राहते. सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनिअम आला की जाळीवर ऋणभार येतो. तो भरून काढायला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम त्याच खोल्यांत मुक्कामाला येतात. हे पाहुणे बदलता येतात.

सरोवरात काय घडते? ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काच. लोणारसारख्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात ती पडली की विरघळू लागते आणि तिच्यातूनच झिओलाइटचे सूक्ष्म कण बनतात. कॅलिफोर्नियातील टेकोपा या आटलेल्या सरोवरात हा क्रम दिसतो: काठाशी न बदललेली काच, आत झिओलाइट, मध्यभागी, जिथे पाणी सर्वांत खारे होते, तिथे पोटॅशियमचे फेल्डस्पार. म्हणजे एकाच राखेच्या थरात जुन्या पाण्याची नोंद राहिली.

आपल्याकडे घडले ते वेगळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायू निसटताना पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने बेसाल्टमधले घटक विरघळवून त्या पोकळ्यांत आणून ठेवले. बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर, म्हणून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही कॅल्शियमची मंडळी. सवडीने वाढल्यामुळे स्फटिक देखणे झाले. जळगाव-नाशिककडचे नमुने जगभरच्या संग्रहांत गेले ते याच रूपामुळे.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. विहिरीतले स्फटिक कुटून मी घरच्या जड पाण्यात टाकले, तरी साबणाला फेस येईना. कपड्यांच्या पावडरीतला कृत्रिम झिओलाइट सोडियम देऊन पाण्यातला कॅल्शियम घेतो. माझ्या दगडात खोल्या आधीच कॅल्शियमने भरलेल्या. तो आणखी कोणाला जागा देणार?

आता कुणी पांढरा दगड आणला, की मी आधी विचारतो: पोकळीतला की थरातला? आणि किती हातांवर लागला? ढिगाऱ्यावर टाकण्यापूर्वी एवढे वहीत टिपले, तरी गावाखालच्या पाण्याचा इतिहास वाचायला सुरुवात होईल.