चूक लिहितानाच का दिसत नाही?

परदेशी पुरवठादाराचे पैसे अडकले, की दोष सरकारी नियमांवर ढकलला जातो. माझ्या मते तो बऱ्याचदा बँकेच्या सॉफ्टवेअरचा असतो. 1973 साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ‘स्विफ्ट’ पैसे नेत नाही, बँकाबँकांमधले निरोप पोचवते. त्या निरोपांच्या जुन्या साच्यात ‘&’ किंवा ‘@’ ही चिन्हं चालत नाहीत आणि बिलाच्या तपशिलाला 35 अक्षरांच्या जेमतेम 4 ओळी मिळतात. कंपनीच्या नावातच ‘&’ असेल, तर तिथल्या तिथे अडवायला हवं. तसं न करता बँकेने पैसे पाठवण्याचा अर्ज मुकाट्याने स्वीकारला, तर नकार मागाहून येतो आणि तोवर डॉलरचा भाव हललेला असतो.

बँका म्हणतील, परकीय चलनाचा ‘फेमा’ कायदा आणि निर्बंध-याद्यांची तपासणी यांना वेळ लागणारच. मान्य, ती तपासणी व्हायलाच हवी. पण जर्मनीतल्या खात्याचा 22 अक्षरी ‘आयबॅन’, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पाहा. त्यातले 2 अंक केवळ पडताळणीसाठी असतात. पहिली 4 अक्षरं शेवटी नेऊन, अक्षरांचे ठरलेले अंक करून 97ने भागलं, की बाकी 1 उरायला हवी. एक अंक चुकला तरी ती उरत नाही. या भागाकाराला कुठला कायदा आड येत नाही. उद्योजकांनो, बँक निवडताना व्याजदराइतक्याच आग्रहाने विचारा: चूक भरतानाच दाखवता का?