मजकुरातून निघतो तो दावा

संगणकाला हजारो शोधनिबंध, बातम्या किंवा निकालपत्रे द्यावीत आणि त्याने त्यातले ज्ञान वेगळे काढून हातात ठेवावे, अशी मजकुरातून ज्ञान काढण्याच्या संशोधनाबद्दलची सर्वसाधारण कल्पना असते. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच टिकून आहे. पण ज्ञान मजकुरात तयार पडलेले असते आणि फक्त उचलायचे बाकी असते, हे तिने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात मजकुरातून निघतो तो कुणीतरी केलेला दावा. तो कुणाचा, कधीचा, कितपत खात्रीचा हे कळल्याशिवाय आणि तो पडताळल्याशिवाय त्याला ज्ञान म्हणता येत नाही.

पहिला गैरसमज असा, की यंत्राला नावे ओळखता आली म्हणजे मजकूर कळला. अमेरिकेत 1987 पासून दहा वर्षे या विषयावरच्या स्पर्धावजा परिषदा भरत होत्या. 1995 च्या सहाव्या परिषदेत इंग्रजी बातम्यांतली माणसांची, संस्थांची, ठिकाणांची नावे ओळखण्यात सर्वोत्तम प्रणालीला शंभरपैकी 96 च्या आसपास गुण मिळाले. त्याच बातम्यांतून ‘कोणत्या कंपनीत कोण पदावरून गेले आणि त्या जागी कोण आले’ हा पूर्ण तक्ता भरायला सांगितल्यावर मात्र कुणालाच 60 गाठता आले नाहीत. यात नवल नाही. तीन पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे 90 टक्के अचूक असेल, तर शेवटी अचूकता 73 टक्क्यांवर येते. शिवाय तक्त्यात कोणते रकाने असावेत, कशाला ‘पदबदल’ म्हणायचे, हे यंत्राने ठरवले नव्हते. ते नियम माणसांनी आधी लिहून ठेवले होते.

नावे बरोबर ओळखली तरी वाक्याचा सूर हरवला की दाव्याचे रूपच पालटते. ‘रुग्णाला ताप, खोकला किंवा छातीत दुखणे असा त्रास नाही’ या वाक्यात तीन लक्षणे आहेत आणि तिन्ही रद्द करणारा शब्द अगदी शेवटी आहे. नुसती लक्षणे टिपणारे यंत्र धडधाकट माणसाला आजारी ठरवील. इंग्रजी वैद्यकीय नोंदींतला असा नकार पकडण्यासाठी 2001 मध्ये ‘नेगएक्स’ नावाची स्वतंत्र पद्धत मांडावी लागली, ती उगाच नव्हे. मराठी वृत्तपत्रांत तर ‘राजीनामा देणार असल्याचे समजते’, ‘सूत्रांनी सांगितले’ अशा वाक्यांचा रतीब असतो. त्यातले ‘समजते’ गळाले, की अफवेची नोंद वस्तुस्थिती म्हणून होते.

यावर उत्तर दिले जाते, की मजकूर भरपूर असला म्हणजे चुका आपोआप धुऊन निघतात. पुष्कळदा निघतातही, कारण खरी माहिती अनेक ठिकाणी अनेक तऱ्हांनी लिहिलेली सापडते. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘नेल’चा अनुभव लक्षात घ्यावा. टॉम मिचेल यांच्या गटाची ही प्रणाली 2010 पासून अहोरात्र वेबपाने चाळून तथ्ये गोळा करत होती. तिने इंटरनेटच्या ‘कुकीज’ना भट्टीत भाजलेल्या खाद्यपदार्थांत टाकले, आणि मग कुकीजबरोबर पुसल्या जाणाऱ्या फायलीही तिला खाद्यपदार्थ वाटू लागल्या. स्वतःच्या निष्कर्षावरून पुढे शिकणाऱ्या यंत्राला जास्त मजकूर दिल्यावर जुनी चूक आणखी रुजली. ती उपटायला माणसाला हात घालावा लागला.

याच्या उलट टोकाचाही गैरसमज आहे: लिहिलेल्यातून जे लिहिले आहे तेवढेच निघणार, नवे काय मिळणार? या शंकेला शिकागो विद्यापीठातल्या डॉन स्वॉन्सन यांनी 1986 मध्येच उत्तर दिले. ते डॉक्टर नव्हते, माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटे पांढरी पडतात त्या रेनॉ विकारावरच्या निबंधांत रक्ताचा वाढलेला दाटपणा आणि बिंबाणूंचे चिकटणे यांचा उल्लेख होता. माशाच्या तेलावरच्या निबंधांत ते तेल या दोन्ही गोष्टी कमी करते असे होते. पण या दोन विषयांचे संशोधक एकमेकांचे निबंध वाचत नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही टोके जोडून, माशाचे तेल या विकारावर उपयोगी पडू शकेल असे मांडले. 1989 च्या एका छोट्या वैद्यकीय चाचणीत मूळ रेनॉ विकार असलेल्यांना त्याचा फायदा दिसला. दुसऱ्या आजारामुळे हा विकार जडलेल्यांना दिसला नाही. माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच ‘दिसला नाही’ आहे. निबंध जोडून तर्क मिळाला, तो कुणाला लागू पडतो हे रुग्णांवरच कळले. आज वैद्यकीय संशोधनाच्या ‘पबमेड’ सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या पसाऱ्यातून असे तर्क सुचवायला यंत्र हवेच, त्याबद्दल वाद नाही.

‘चॅटजीपीटी’सारखी भाषा-मॉडेल्स आल्यावर हे सगळे जुने झाले, असा आक्षेप कुणी घेईल. त्यात तथ्य आहे. ज्या कामाला पूर्वी महिनोन्महिने नियम लिहावे लागत, ते आता चार वाक्यांच्या सूचनेत बरेचसे होते, नकारही पूर्वीपेक्षा चांगला कळतो. पण ही मॉडेल्स पुढचा शब्द कोणता संभवतो यावर घडवलेली असतात, त्यामुळे दिलेल्या मजकुरात नसलेली गोष्टही ती तितक्याच सफाईने तक्त्यात भरतात. जुनी प्रणाली रकाना रिकामा सोडायची, तेव्हा निदान चूक दिसायची. भरलेल्या रकान्यातली चूक शोधायला मूळ वाक्यापर्यंत जावे लागते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ते वाक्य मागणे ही पडताळणीची किमान अट आहे.

राहिली मराठी. इंग्रजीची साधने उचलून इकडे लावली की झाले, हेही खरे नाही. देवनागरीत मोठे अक्षर नसते, त्यामुळे ‘विकास’, ‘आशा’, ‘प्रकाश’ ही माणसे आहेत की नुसते शब्द हे संदर्भावरूनच ठरते. ‘पुणे’ वाक्यात ‘पुण्याहून’, ‘पुण्यातल्या’ अशी रूपे घेऊन येते. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने 2022 मध्ये माणसांकडून नावांवर खुणा करवून घेतलेली 25,000 मराठी वाक्ये खुली केली, ती याच अडचणीपायी. त्याआधीची अडचण तर आणखी साधी आहे. आपला पुष्कळ मजकूर छायाप्रतींत आणि युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकलेला आहे, आणि त्यातले एक अक्षरही यंत्राला सरळ वाचता येत नाही. विद्यापीठे, ग्रंथालये आणि सरकारी कार्यालये यांनी आपले जुने मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये, तारीख आणि मूळ स्रोतासह खुले करावेत.