घरगुती गरम हवेचा फुगा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पतंगाच्या पातळ कागदाच्या पाकळ्या कापून व त्या खळीने एकमेकींना चिकटवून केलेला गरम हवेचा फुगा हे प्लवनाचा नियम पडताळून पाहण्याचे अत्यंत स्वस्त साधन आहे. प्लवन म्हणजे द्रव किंवा वायू आपल्यात बुडालेल्या वस्तूला वर ढकलतो तो गुणधर्म. मात्र असा फुगा का उठतो आणि कित्येकदा का उठत नाही, याविषयी काही चुकीच्या समजुती रूढ आहेत.

गैरसमज १ : फुगा धुरामुळे वर जातो.

वस्तुस्थिती : जून १७८३ मध्ये फ्रान्समधील आनोने येथे कापड व कागद यांचा फुगा लोकांसमोर उडवणाऱ्या जोसेफ आणि एत्येन माँगोल्फिए या बंधूंचीही हीच समजूत होती, आणि म्हणून ते गवताबरोबर लोकर जाळून मुद्दाम दाट धूर करीत. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी तापवून लाल केलेले लोखंड वापरून, धूर नसतानाही कागदी फुगा उठतो, हे दाखवले. हवा तापली की प्रसरण पावते, जास्तीची हवा खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडते आणि आत उरलेली हवा तेवढ्याच आकारमानाच्या बाहेरच्या हवेपेक्षा हलकी ठरते. म्हणूनच तोंड बंद करण्याची गरज नसते.

गैरसमज २ : फुगा जितका लहान, तितका तो सहज उडतो.

वस्तुस्थिती : २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलो, तर ६० अंशांना सुमारे १.०६ किलो भरते. म्हणजे दर घनमीटरमागे उचल मिळते ती जेमतेम १४० ग्रॅमची. दर चौरस मीटरला १८ ग्रॅम भरणारा कागद घेतला, तर अर्धा मीटर व्यासाच्या गोल फुग्याला १४ ग्रॅम कागद लागतो आणि उचल ९ ग्रॅमच मिळते, त्यामुळे तो जागचा हलत नाही; एक मीटर व्यासाला मात्र ५७ ग्रॅम कागदापुढे ७३ ग्रॅम उचल मिळते. व्यास दुप्पट केला की कागद चौपट, पण आतली हवा आठपट होते, हे त्याचे कारण होय.

गैरसमज ३ : उन्हाच्या तडाख्यात फुगा अधिक चांगला उडतो.

वस्तुस्थिती : उचल आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. वरचाच एक मीटरचा फुगा, आतली हवा ६० अंशांवरच ठेवून, ३५ अंशांच्या दुपारी सोडला, तर उचल सुमारे ४५ ग्रॅमपर्यंत उतरते आणि तो उठत नाही. म्हणून थंडीतली, वारा पडलेली सकाळ चाचणीला सर्वांत सोयीची असते.

गैरसमज ४ : भोक कुठेही असले तरी सारखेच नुकसान होते.

वस्तुस्थिती : तोंडापाशी आतला व बाहेरचा दाब सारखा असतो, तर जसजसे वर जावे तसतसा आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढत जातो, त्यामुळे माथ्यावरच्या बारीक भोकातून गरम हवा जोराने निसटते, आणि तळाजवळचे तेवढेच भोक फारसे बाधत नाही. एक मीटर व्यासाच्या आठ पाकळ्यांच्या फुग्यात, प्रत्येक पाकळी मध्यभागी सुमारे ३९ सेंटिमीटर रुंद ठेवून टोकाकडे निमुळती केली, तरी आठही टोके माथ्यावर नेमकी जुळत नाहीत; तिथे कागदाची गोल चकती चिकटवावी आणि फुगा उजेडासमोर धरून सांधे तपासावेत.

गैरसमज ५ : आत ज्योत ठेवल्याशिवाय फुगा उडत नाही.

वस्तुस्थिती : केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा तोंडातून भरली तरी मोठा फुगा घरातल्या घरात छताला टेकू शकतो. ज्योतीसह सोडलेला कंदील कुठे उतरेल यावर कोणाचेही नियंत्रण नसते; २०२० च्या नववर्षाच्या रात्री जर्मनीतील क्रेफेल्ड प्राणिसंग्रहालयात अशाच उडत्या कंदिलांमुळे लागलेल्या आगीत तीसहून अधिक प्राणी मरण पावले. चाचणीसाठी ज्योतीऐवजी बाहेरून भरलेली गरम हवा आणि तोंडाला बांधलेला दोरा एवढे पुरेसे असते.