मनगटाची सोनोग्राफी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुचाकी घसरते, माणूस हात टेकतो आणि मनगट टम्म सुजतं. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं की घरचे निर्धास्त होतात; 'लचक भरलीय' म्हणत तेलाची बाटली काढतात. पण मनगटातल्या आठ छोट्या हाडांना बांधून ठेवणारी लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाहीत.

गैरसमज: एक्स-रे नॉर्मल, म्हणजे दुखापत किरकोळ.
वस्तुस्थिती: स्कॅफॉइड आणि ल्युनेट या शेजारच्या हाडांना जोडणारं लिगामेंट पूर्ण तुटलं, तर त्यांच्यातली फट रुंदावते. ती ३ मिलिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टरांना संशय येतो. ब्रिटिश विनोदी नट टेरी-थॉमस यांच्या पुढच्या दातांत फट होती. त्यावरून या खुणेला त्यांचंच नाव पडलं. मात्र कित्येकदा हात सैल असताना ही फट मिटलेलीच असते, मूठ आवळल्यावर उघडते.

गैरसमज: सोनोग्राफी पोटाची किंवा गरोदरपणातली.
वस्तुस्थिती: ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकं चित्र बारीक, पण त्या खोलवर पोहोचत नाहीत. मनगटातली बरीच लिगामेंट त्वचेखाली जवळच असतात. त्यामुळे इथे १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा प्रोब चालतो. एक्स-रेसारखे किरण यात नसतात.

गैरसमज: एमआरआय असताना सोनोग्राफी कशाला?
वस्तुस्थिती: एमआरआयमध्ये हात निश्चल ठेवावा लागतो. सोनोग्राफीत उलट, तो हलवायलाच सांगतात. घड्याळाची तबकडी येते तिथे जेल लावून रेडिओलॉजिस्ट प्रोब टेकवतात. मग मूठ आवळा, मनगट करंगळीकडे वळवा, अशा सूचना सुरू होतात. लिगामेंट तुटलं असेल, तर दोन हाडं दूर सरकताना पडद्यावर दिसू शकतात. मग तीच तपासणी दुसऱ्या हातावर करतात, कारण काहींची मनगटं मुळातच सैल असतात.

गैरसमज: सोनोग्राफी नॉर्मल, विषय संपला.
वस्तुस्थिती: ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडचं दाखवत नाहीत. स्कॅफॉइड-ल्युनेट लिगामेंटचा वरच्या बाजूचा, सर्वांत मजबूत भाग छान दिसतो. खोलातला भाग आणि करंगळीच्या बाजूची त्रिकोणी कूर्चा नीट दिसेलच असं नाही. तपासणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. शंका उरलीच, तर एमआरआय किंवा मनगटात दुर्बीण घालून केलेली आर्थ्रोस्कोपी निकाल देते.

तुटलेल्या लिगामेंटकडे दुर्लक्ष झालं, तर काही वर्षांत सांधा झिजू शकतो. म्हणून काही आठवड्यांनंतरही पकड कमजोर वाटत असेल किंवा मनगट 'कट्' वाजून दुखत असेल, तर चोळणं थांबवा आणि हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवा.