विश्लेषण : उजनीच्या पाण्यातले मंदिर, इंदापूरची गढी, बारामतीचा वाडा… या तीन वास्तू कोणता इतिहास सांगतात?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण ओलांडले की पळसदेव लागते. तिथे डाव्या हाताला उजनीच्या पाण्यातून एका मंदिराचे शिखर वर आलेले दिसते. उन्हाळा कडक गेला की त्याखालचा दगडी मंडप, खांब आणि वीरगळही उघडे पडतात आणि ‘रहस्यमय मंदिर’ म्हणून त्याचे व्हिडीओ फिरू लागतात. रहस्य असे त्यात काही नाही. इंदापूर-बारामती कधीच राजधानी नव्हती, पण राजधान्या बदलत गेल्या तशा खुणा इथे राहिल्या. त्यातली सर्वांत जुनी खूण आज पाण्यात आहे, एवढेच.

मंदिर पाण्यात कसे गेले?

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे. फुगवटा मात्र इंदापूर तालुक्यातून मागे दौंडच्या दिशेने पसरला. नदीकाठचे जुने पळसदेव त्यात गेले. गाव उठून वर वसले, पळसनाथाचे मंदिर जागीच राहिले.

मग ते दरवर्षी पूर्ण का दिसत नाही?

याचे उत्तर ‘मृतसाठा’ या शब्दात आहे. धरणातील ज्या पातळीखालचे पाणी कालव्याच्या दारांतून आपोआप बाहेर पडत नाही, तो मृतसाठा. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातील जवळपास ६३.६ टीएमसी मृत आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त. म्हणजे धरण ‘शून्य टक्के’ असले तरी निम्म्याहून अधिक पाणी आत असतेच. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून बातम्यांत ‘उजनी वजा ३० टक्के’ असे वाचायला मिळते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली. हिशेब केला तर तेव्हाही धरणात सुमारे ३१ टीएमसी पाणी होते! त्या वर्षी मंदिर पायापर्यंत पाहता आले. शेतकऱ्याला जे वर्ष नकोसे वाटते, नेमके तेच मंदिर पाहणाऱ्याला लाभते.

मंदिराचे वय काय, धोका काय?

बांधणीवरून ते चालुक्य-यादव काळातले मानले जाते. देवगिरी ही यादवांची राजधानी. त्यांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून अशा मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक. खालच्या चौकटीत झुंज आणि वरच्या चौकटीत स्वर्गातले शिवपूजन, असा त्याचा साधारण क्रम असतो. म्हणजे हे गाव कधी तरी राखावे लागले होते.

खालचे बांधकाम दगडी असल्याने तग धरून आहे. काळजी आहे ती विटांच्या शिखराची. वीट पाणी शोषते, उन्हात सुकते. सुकताना आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक बनतात आणि विटेचा थर सुटतो. त्यात वाऱ्याने उठणाऱ्या लाटा दर मोसमात वेगळ्या उंचीवर आदळतात. कायम पाण्यात किंवा कायम कोरडे राहणे त्यापेक्षा बरे. शिखरावर चढून फोटो काढणाऱ्यांनी तरी भर घालू नये.

इंदापूर आणि बारामतीत काय आहे?

इंदापूरच्या एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत हा मुलूख सापडला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते. ते इंदापूरच्या लढाईत पडले. शहरातील गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुणे-सुपे परगण्यांची जहागीर पुढे शहाजीराजांकडे आली. हे सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलेच.

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. इथे सत्तेचा पाया तलवारीइतकाच कर्जाचा होता. नाईक सावकार, त्यांचे बंधू आबाजी हे पेशवा बाळाजी विश्वनाथांचे जावई. १७४० मध्ये पहिले बाजीराव वारले तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजींनी थेट पेशवेपदावर दावा सांगितला. छत्रपती शाहूंनी वस्त्रे दिली ती नानासाहेबांना. तो निर्णय उलटा लागता, तर बारामतीच्या राजकारणाची चर्चा पावणेतीनशे वर्षे आधीच सुरू झाली असती.

याच नाईकांच्या आश्रयाने पंडित कवी मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीत राहिले आणि इथेच त्यांनी आर्या रचल्या.

पाहायला कधी जावे?

गढी आणि वाडा केव्हाही. पळसदेवसाठी एप्रिलपासून उजनीची टक्केवारी पाहत राहावी. ती शून्याच्या बरीच खाली गेली की मंदिर पाण्याबाहेर येऊ लागते.