इतिवृत्तात न उतरलेले भारूड

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेला आमचा खंडाळा, म्हणजे बोरघाटातला नव्हे तर सातारा जिल्ह्यातला तालुक्याचा खंडाळा, विज्ञानकथेच्या कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. तथापि गेल्या पन्नास वर्षांत या कथेच्या वाचकांचा जो मेळा मराठीत जमत गेला, त्याचा मागोवा घ्यावयास बसलो, की प्रारंभ मला याच गावापासून करावा लागतो. दुसऱ्याने आरंभिलेले पद आपले म्हणून कसे उचलावे, हे मी याच तालुक्यात शिकलो.

मराठी विज्ञान परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली, आणि 1974 साली तिच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप यांचे, हस्ताक्षर होते मंगलाताई नारळीकरांचे, आणि कथा होती जयंत विष्णु नारळीकरांची. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांच्या तराजूत पडू नये, एवढ्याचसाठी त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरविली होती. पुढच्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात, कऱ्हाडास, भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. आणि सांगलीकडच्या किर्लोस्करवाडीत 1920 साली जन्मलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकानेही नारळीकरांच्या कथांना जागा दिली. आम्हां तरुण वाचकांना हा आपल्याच मुलुखाचा सन्मान वाटला.

परिषदेचे अधिवेशन दर वर्षी निराळ्या गावी भरते, आणि त्या त्या गावचे विज्ञानप्रेमीच यजमानपण अंगावर घेतात. अशाच एका मुक्कामी, शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरून आम्ही निजावयाच्या तयारीत असता, फळ्यावर दुपारच्या व्याख्यानातली ग्रहांची कक्षा अद्याप पुसावयाची राहिलेली असता, कोकणातल्या एका पदार्थविज्ञानाच्या गुरुजींनी संगीतवर्गातली पेटी मागवून घेतली आणि स्वतः रचलेले एक भारूड लावले. प्रकाशाच्या वेगाने ताऱ्यांकडे निघालेला एक प्रवासी त्यात होता. प्रत्येक कडव्यानंतर आम्ही ध्रुवपद उचलीत होतो, कोणी बाकावर ठेका धरला होता, कोणी डब्याच्या झाकणाचा टाळ केला होता. शेवटच्या कडव्यात प्रवासी घरी परततो, आणि उंबऱ्यावर बसलेला जख्ख म्हातारा हा आपलाच मुलगा होय, हे त्याला कळते. त्या कडव्यानंतर ध्रुवपद कोणी उचलले नाही. पेटीच्या भात्याचा तेवढा श्वास ऐकू येत राहिला. सापेक्षतेचा सिद्धान्त मी पुस्तकात वाचला होता. त्याने माणसाचे काय होते, हे त्या रात्री कळले.

पुढे वाचनात आले की, 1939 साली न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक संमेलन भरविणाऱ्या विज्ञानकथाप्रेमींच्या परंपरेतही रात्री असाच गाण्याचा फड जमतो, जुन्या चालींवर अंतराळाची नवी पदे रचली जातात, आणि ‘फोक’ या शब्दाच्या टंकलेखनातल्या चुकीतून उपजलेले ‘फिल्क’ हे नाव त्यांनी प्रेमाने कायम ठेवले आहे. मला त्यात परके काही वाटले नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते ती आमच्याच तालुक्यातल्या लोणंदच्या मुक्कामी. तेथे लहानपणापासून पाहिलेले, की वीणेकऱ्याने चरण धरावा आणि शेकडो टाळकऱ्यांनी तो झेलावा. 1987 साली 2 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर या काळात भारत जन विज्ञान जथा देशभर फिरला, तेव्हाही गाणी आणि पथनाट्ये हीच त्याची वाहने होती. कथा वाचकाने एकट्याने वाचावी हे खरे. परंतु ती आपल्या लोकांची आहे असा भरवसा अनेक कंठ एकत्र आल्यावाचून बसत नाही, अशी माझी या पन्नास वर्षांअंती निष्ठा झाली आहे.

इतिवृत्तात व्याख्यानांची नोंद राहते, ठरावांची राहते. रात्रीच्या गाण्यांची राहत नाही. गुरुजी आता हयात नाहीत. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले, आणि पुढच्याच महिन्यात लोणंदास पालखीच्या गर्दीत उभा असता ते भारूड एकाएकी माझ्या ओठांवर आले. मात्र तिसरे कडवे काही केल्या आठवेना. घरी येऊन त्या रात्रीच्या एका सोबत्यास फोन लावला. क्षणभर थांबून, थरथरत्या आवाजात, परंतु चाल तिळभर न सोडता, त्याने ते कडवे म्हटले, आणि इकडे लेखणी हातात असूनही मी आधी ध्रुवपद उचलले, मग लिहावयास लागलो. आता ते भारूड माझ्या वहीत पुरे आहे. वर चालीचे नाव, खाली गुरुजींच्या गावाचे.