तुम्ही मूळच्या कुठल्या?

हळदीकुंकवाला नव्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" लग्नाला बारा वर्षं झाली, तरी इथं साताऱ्यात शेजारणींच्या तोंडी मी अजून 'बेळगावच्या वहिनी'च आहे. आणि बेळगावला गेले की तिथं मी 'साताऱ्याची'! मैत्रिणींनो, तुमचंही थोडंफार असंच होत असेल. आपण हसून सोडून देतो. पण हाच प्रश्न एका क्रिकेटच्या सामन्यावरून आमच्या घरात निघाला आणि माझी चांगलीच फजिती करून गेला.

जून २०२४ मधली गोष्ट. वीस षटकांच्या विश्वचषकात भारत आणि अमेरिका यांचा सामना न्यूयॉर्कला चालला होता. अमेरिकेच्या सौरभ नेत्रवलकरनं विराट कोहलीला शून्यावर आणि रोहित शर्माला तीन धावांवर बाद केलं. सासूबाई वाती वळता वळता थांबल्या. म्हणाल्या, "अगं, नेत्रवलकर म्हणजे आपल्यातलाच ना? मग आपल्याच माणसांना कसा बाद करतो?" हे म्हणाले, "आई, तो आता अमेरिकन आहे." विषय तिथंच संपला.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या मुलींना 'माझा आवडता खेळाडू' हा निबंध घातला. एकीनं लिहिलं होतं, 'मुंबईत जन्मलेला सौरभ अमेरिकेकडून खेळतो.' मी लाल शाईनं ते खोडलं आणि वर लिहिलं, 'अमेरिकन खेळाडू'. वही मिटली खरी, पण मनाला चुटपूट लागून राहिली. म्हणून जरा माहिती काढली, तर काय? मुलीचं वाक्य बरोबर आणि बाईंची दुरुस्ती चूक!

कसं ते सांगते. सौरभ मुंबईचा. २०१० साली तो एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढं शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि संगणक अभियंता म्हणून तिथंच राहिला. क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळायला त्या देशाचं नागरिकत्व असावंच लागतं असं नाही, तीन वर्षांचं वास्तव्यही चालतं. म्हणजे 'अमेरिकेकडून खेळतो' एवढ्यावरून 'अमेरिकन' म्हणता येत नाही. ऑलिंपिकचा कायदा मात्र वेगळा. तिथं नागरिकत्व हवंच. शिवाय आधी एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून उतरायचं तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. दोन्ही देश राजी असले तर ही मुदत कमी होते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग, माहेर आणि सासर! ओल्गा फिकोतोव्हा ही चेकोस्लोव्हाकियाची मुलगी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिनं थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवलं. तिथंच हातोडाफेकीत सुवर्ण मिळवणाऱ्या हॅरॉल्ड कॉनोली या अमेरिकन खेळाडूशी तिची ओळख झाली आणि १९५७ मध्ये लग्न झालं. पुढची चारही ऑलिंपिक ती अमेरिकेकडून खेळली. १९७२ साली म्युनिकला तर अमेरिकेचा झेंडा घेऊन चालण्याचा मान तिला मिळाला. आता मेलबर्नचं पदक कुणाचं? ते माहेरचंच. सून झाली म्हणून लेकीची कमाई सासरच्या खात्यात जमा होत नाही.

ओक्साना चुसोवितिनाची कहाणी वाचताना तर माझे डोळे भरून आले. ही जिम्नॅस्ट १९७५ साली उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात जन्मली. तेव्हा तो सोव्हिएत संघाचा भाग होता. आधी ती सोव्हिएत संघाकडून खेळली. तो फुटल्यावर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्या जुन्या देशांच्या संयुक्त संघातून तिनं सांघिक सुवर्ण मिळवलं. नंतर उझबेकिस्तानकडून खेळू लागली. २००२ साली तिच्या लहानग्या मुलाला, अलीशेरला, रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. उपचारासाठी ती त्याला घेऊन जर्मनीत कोलोनला गेली. तिथल्या क्लबनं मदतीचा हात दिला. बक्षिसाच्या पैशातून मुलाच्या औषधपाण्याचा खर्च भागवायचा म्हणून ती खेळतच राहिली. २००६ मध्ये जर्मन नागरिकत्व मिळालं आणि २००८ साली बीजिंगला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तिनं जर्मनीला व्हॉल्टमध्ये रौप्यपदक मिळवून दिलं. मुलगा बरा झाला. पुढं ती पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, ते तिचं आठवं! सांगा बरं, हिला 'देश सोडून गेलेली' म्हणायची कुणाची छाती होईल? आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेली कुठलीही आई नाही म्हणणार.

आणि कधी कधी बाईनं काहीच बदललेलं नसतं, तरी लोक तिला दुसऱ्या घरी नेऊन बसवतात. सानिया मिर्झाचंच पाहा. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादला. २०१० मध्ये तिनं पाकिस्तानी क्रिकेटपटूशी लग्न केलं, पण खेळत राहिली भारताकडूनच. २०१४ मध्ये तेलंगण सरकारनं तिला सदिच्छादूत नेमलं, तेव्हा एका राजकीय पुढाऱ्यानं 'पाकिस्तानची सून' म्हणून हरकत घेतली. आपण भारतीय आहोत आणि शेवटपर्यंत भारतीयच राहू, असं तिनं ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक तिनं भारतालाच आणून दिलं. परदेशी मुलीशी लग्न केलेल्या पुरुष खेळाडूला कुणी 'तिकडचा जावई' म्हणून असं हटकलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांनी विचारलं, "आई, ही कुठल्या देशाची?" तर एका शब्दात उत्तर देऊन मोकळ्या होऊ नका. डाळ, तांदूळ, साखर आपण वेगवेगळ्या डब्यात भरतो ना? तशाच चार गोष्टी वेगळ्या ठेवा: जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, खेळते कुणाकडून, आणि ती स्वतःला काय म्हणवते. 'भारतीय वंशाचा' हा शब्द तर फारच जपून वापरा. जिंकला की 'आपला' आणि आपल्याला हरवलं की 'त्यांचा', हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती वही परत मागून घेतली. माझीच लाल शाई खोडली, मुलीच्या वाक्यापुढं बरोबरची खूण केली आणि "बाईंचं चुकलं" असं सगळ्यांसमोर सांगितलं. पोर लाजली, पण तिचा चेहरा खुलला.

आणि हो, पुढच्या हळदीकुंकवाला कुणी मला विचारलंच, तर उत्तर तयार आहे: "जन्मले बेळगावात, नांदते साताऱ्यात. दोन्ही माझीच!"